मुगाच्या पिशवीवर काय लिहायचं

छापखान्यातल्या पोराने विचारलं, "ताई, बियाण्याच्या पिशवीवर ठळक '१०० टक्के सेंद्रिय' टाकू ना? एखादं हिरवं पान पण टाकतो. सगळेच टाकतात." मी नको म्हटलं. आमच्या शेतकरी गटाला अजून पीजीएस-इंडिया ग्रीनच मिळालंय. शेतकऱ्यांनी एकमेकांची रानं तपासून द्यायच्या सेंद्रिय प्रमाणपत्राची ही अलीकडची पायरी, म्हणजे रान रूपांतरणात आहे, पूर्ण सेंद्रिय झालेलं नाही. गिऱ्हाईक हातचं घालवणारी बाई, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

घरी येऊन कुणी दोन पायली मूग पेरायला नेला तर लेबलाची भानगडच नाही. १९६६ च्या बियाणे कायद्यातलं २४ वं कलम तेवढी मोकळीक देतं: आपल्या रानात पिकवलेलं, आपल्याच दारात, थेट पेरणाऱ्याच्या हातात. आम्हाला मात्र पिशव्या दुकानात ठेवायच्या होत्या. मग परवाना आला आणि ट्रुथफुल बियाण्याचं, म्हणजे विकणाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर माहिती लिहायची त्या बियाण्याचं, हिरवं लेबल आलं. (निळं असतं ते प्रमाणित बियाण्याचं.) पीक, वाण, लॉट नंबर, उगवण, शुद्धता, वजन, तपासणीची तारीख, मुदत. सेंद्रिय म्हणून यातलं काहीच माफ नाही.

उगवणीची मला धास्ती नव्हती. सासूबाईंनी ओल्या गोणपाटात १०० दाणे गुंडाळून ठेवले होते, चौथ्या दिवशी ८६ मोड मोजले. मुगाला किमान ७५ लागतात. आम्ही फसलो तारखेत. मूग निघाला आणि उत्साहाच्या भरात लगेच, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातच, तपासून घेतला. मुदत तपासणीपासून ९ महिने. जूनच्या पहिल्या आठवड्यात लेबल संपलं, तेव्हा आमच्याकडे मृगाची वाट बघणं चालू होतं! २०० लेबलं चुलीत गेली. पुन्हा नमुना, पुन्हा तपासणी, पुन्हा तोच छापखाना.

या खेपेला 'बीजप्रक्रिया' या रकान्यापाशी गाडी अडली. कंपनीच्या पिशवीत तिथे थायरमसारखं औषध असतं, दाणे गुलाबी, आणि खाण्यासाठी वापरू नका अशी सूचना. आमचा मूग राखेत ठेवलेला, वर कडुनिंबाचा पाला. रकाना कोरा सोडावा असं माझं मत होतं.

सासूबाई म्हणाल्या, "का गं, राखेची लाज वाटते का?"

तर आता लेबलावर छापलंय: बीजप्रक्रिया – गोवरीची राख, कडुनिंबाचा पाला. छापखान्यातल्या पोराने दोनदा फोन करून खात्री करून घेतली.