पहाटे साडेपाचचं लॉगिन

अकरा वाजून गेले होते. व्यवस्थापक साहेब मोबाइल हातात घेऊनच माझ्या टेबलाशी आले. वणी शाखेच्या फायरवॉलवर, म्हणजे नेटवर्कची राखण करणाऱ्या यंत्रावर, 'अ‍ॅडमिन' नावाने लॉगिनचे प्रयत्न, सगळे नाकारलेले, वेळ पहाटे साडेपाच, असा अलर्ट होता. साहेबांनी हिशोबही करून ठेवला होता. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सहा तासांत कळवायचं, म्हणजे साडेअकराच्या आत. हे सहा तास घटना लक्षात आल्यापासून मोजायचे असतात, पण त्या घडीला ते कोण ऐकणार?

वणीला फोन लावला. "साडेपाचले इथं कोन येते भाऊ? कुलूप तं मीच उघडलं नं दहाले!"

मला वेगळंच खटकत होतं. पहाटेचा अलर्ट अकराला कसा आला?

आमच्या पतसंस्थेच्या सगळ्या शाखांचे लॉग, म्हणजे यंत्रांनी आपोआप लिहिलेल्या नोंदी, आधी वणीतल्या रिले सर्व्हरवर गोळा होतात आणि तिथून पांढरकवड्याला, मुख्य कार्यालयात, एकाच पोर्टवर, म्हणजे ५१४ क्रमांकाच्या दारावर, येतात. बसवणाऱ्यांनी पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून शाखा ओळखायची, असा नियम लावून दिला होता. पण रिलेतून आलेल्या प्रत्येक ओळीवर पत्ता रिलेचाच. म्हणजे भानगड कुठेही होवो, नाव वणीचं!

मग मूळ ओळी उघडल्या. इथे पत्त्यापेक्षा मजकूर जास्त बोलतो. बहुतेक ओळींच्या सुरुवातीला १८९, पुढे 'डेव्हनेम=', 'डेव्हआयडी=' अशा जोड्या, आणि टाइमझोन +०५३० स्पष्ट लिहिलेला. हे फोर्टिगेट, एका बनावटीची फायरवॉल. अलर्टच्या ओळींवर मात्र १६६. या आकड्यात फॅसिलिटी, म्हणजे पाठवणाऱ्याचा वर्ग, आणि संदेशाचं गांभीर्य दोन्ही दडलेलं असतं. त्याला आठने भागलं की वीस येतात आणि सहा उरतात. वीस म्हणजे लोकल-४, सिस्को एएसए या दुसऱ्या बनावटीच्या फायरवॉलची ठरलेली फॅसिलिटी. सहा म्हणजे नुसती माहिती. पुढे '%एएसए-६-६०५००४', लॉगिन नाकारल्याचा संदेश. आमच्याकडे एएसए एकच, तीही जुनी, मारेगावात. तिचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर, आणि ओळीत टाइमझोनचा पत्ता नाही. साडेपाचात साडेपाच मिळवा: अकरा.

मारेगावला विचारलं. "हो, लाइनवाला पोरगा आलता नं, लॅपटॉप लावून बसला होता. पासवर्ड घेत नाही म्हने." आधीच्या सेवादाराचा जुना पासवर्ड टाकत होता बिचारा. कोणाला न विचारता टाकत होता, हे मात्र बरोबर नाही. तसं लेखी कळवलं.

साहेब शांत झाले. माझं काम तिथून सुरू झालं. रिलेवरच वाटे पाडले: 'एएसए' खूण असलेल्या ओळी एका पोर्टला, 'डेव्हआयडी' असलेल्या दुसऱ्याला, प्रत्येकाचा टाइमझोन वेगळा लावलेला. मारेगावचं घड्याळ एनआयसीच्या, म्हणजे सरकारी माहिती केंद्राच्या, टाइम सर्व्हरला जोडलं. तिसरं पोर्ट कशातच न बसणाऱ्या ओळींसाठी. बरेच जण अशा ओळी टाकून देतात, जागा वाचते म्हणून. मला ते पटत नाही.

त्या तिसऱ्या पोर्टवर आता झरीकडून एका स्विचच्या, म्हणजे नेटवर्कमधली यंत्रं एकमेकांना जोडणाऱ्या डब्याच्या, ओळी येताहेत. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे संस्थेच्या वस्तूंच्या नोंदवहीत, तो स्विच नाही. तिथल्या शाखाधिकाऱ्यांनाही ठाऊक नाही. बुधवारी एसटीने जाऊन बघतो.