सभेत तीन मोबाइल, तीन टक्केवाऱ्या

ठाण्याच्या पाचपाखाडीतल्या एका जुन्या सोसायटीची विशेष सर्वसाधारण सभा होती. विषय एकच, पुनर्विकास. सोसायट्यांचे हिशेब, इतिवृत्तं, निबंधक कार्यालयाचा पत्रव्यवहार ही आमच्या ऑफिसची रोजची कामं, त्यामुळे अशा सभांना सल्लागार म्हणून मला जावं लागतं. खाली पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. सभासद ४२, कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, दोन तृतीयांश म्हणजे २८, आणि हजेरीपटावर ३४ सह्या. एवढी उपस्थिती आमच्या धंद्यात सहसा दिसत नाही.

सेक्रेटरींनी विषय वाचला न वाचला तोच पहिल्या रांगेतले निवृत्त शिक्षक मोबाइल उंच धरून उठले. "पंचाहत्तर टक्के संमतीशिवाय हा ठराव होऊच शकत नाही. इथे स्पष्ट लिहिलंय."

मागून एक तरुण सभासद म्हणाला, "सर, एक्कावन्न टक्के. माझ्याकडेही लिहिलंय."

तिसऱ्या गृहस्थांनी आपला मोबाइल पुढे केला. त्यात सत्तर टक्के होते.

४२ जणांच्या सोसायटीत एक्कावन्न टक्के म्हणजे २२ मतं आणि पंचाहत्तर टक्के म्हणजे ३२. या दहा मतांच्या फरकावर इमारत पडणार की तशीच राहणार हे ठरणार होतं, त्यामुळे आवाज चढायला वेळ लागला नाही. "तुम्ही बिल्डरचे", "तुम्हाला कुणाचं चांगलं बघवत नाही", इथपर्यंत मजल गेली. वर्षानुवर्षं एका जिन्यावरून चढणारी-उतरणारी माणसं एकमेकांना खोटं ठरवत होती आणि खोटं तर कुणीच बोलत नव्हतं.

मी तिघांचे मोबाइल मागून घेतले. तिघांनीही सर्चच्या वर येणारं एआयचं तयार उत्तर वाचलं होतं. खाली लिंका होत्या, पण त्यातली एकही कुणी उघडली नव्हती. मी म्हटलं, "उत्तर राहू द्या. प्रश्न काय विचारला होतात, तेवढा मोठ्याने वाचा."

सरांनी वाचला: "सोसायटीच्या पुनर्विकासासाठी पंचाहत्तर टक्के सभासदांची संमती आवश्यक आहे ना?" तरुणाचा प्रश्न: "एक्कावन्न टक्के संमतीचा पुनर्विकासाचा नियम सांगा." तिसऱ्यांनी विचारलं होतं, "जुन्या बिल्डिंगच्या पुनर्विकासाला किती भाडेकरूंची संमती लागते?"

पार्किंगमध्ये काही क्षण कुणी बोललं नाही. पहिल्या दोघांनी प्रश्नातच उत्तर घालून दिलं होतं आणि यंत्राने ते नीटनेटक्या मराठीत परत केलं होतं. तिसऱ्यांनी "भाडेकरू" म्हटल्याबरोबर उत्तर मुंबई शहरातल्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या भाड्याच्या, इमारतींकडे गेलं. तिथे पूर्वी सत्तर टक्क्यांची अट होती. सहकारी गृहनिर्माण संस्थेशी तिचा संबंध नाही.

आणि पंचाहत्तर? तेही हवेतून आलेलं नव्हतं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९(अ) खाली ३ जानेवारी २००९ रोजी पुनर्विकासाचे निर्देश निघाले. त्यात कोरम तीन चतुर्थांश होता आणि ठरावाला उपस्थितांपैकी तीन चतुर्थांश मतं लागत. पुढे ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाने, म्हणजे जीआरने, ते निर्देश बदलले. कोरम दोन तृतीयांश झाला आणि ठरावाला एकूण सभासदांच्या एक्कावन्न टक्के मतं पुरेशी ठरली. सरांच्या मोबाइलवरचं उत्तर जुन्या नियमाचं होतं, तेही अर्धवट. फक्त त्यावर तारीख नव्हती.

मी लॅपटॉपवर मूळ जीआर उघडला आणि तो परिच्छेद सरांनाच वाचायला दिला. त्यांनी तो खणखणीत आवाजात, स्वल्पविरामांसकट वाचला. वाचून झाल्यावर तारीख पुन्हा एकदा पाहिली आणि म्हणाले, "हे मला आधी का दिसलं नाही?"

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. मी या कामात आले तेव्हा उपविधींचं, म्हणजे सोसायटीच्या कारभाराच्या नियमांचं, पुस्तक आणायला लोकलने दादर, तिथून चर्नी रोडच्या शासकीय ग्रंथागारात जावं लागे. वेळ जाई, पण हातात येई तो आख्खा कागद: वर विभागाचं नाव, क्रमांक, दिनांक, खाली सही. मग गुगल आलं. त्यातही मराठी जीआर शोधणं सोपं नव्हतं. कित्येक जीआर स्कॅन केलेले, कित्येक युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधले, त्यामुळे मराठी शब्द टाकले तर सापडत नसत. आम्ही इंग्रजीत शोधायचो, पाच-सात पानं उघडायचो, आणि ती उघडताना कुठलं कधीचं आहे हे आपोआप डोळ्यांखालून जायचं. २०१७ मध्ये गुगलवर मराठीत बोलून शोधता येऊ लागलं आणि टायपिंगला बिचकणारी माणसंही विचारू लागली. आता विचारलं की थेट चार ओळींचं उत्तर येतं. सोय मोठी आहे, पण या चार ओळींत कागदाचा माथा गळून पडतो, आणि सोसायटीच्या कामात सगळा जीव त्या माथ्यात असतो.

म्हणून मी त्या दिवशी सगळ्यांना जीआरचा संकेतांक कसा वाचायचा ते दाखवलं. शासनाच्या संकेतस्थळावरच्या जीआरच्या शेवटी हा लांबलचक आकडा छापलेला असतो. त्यातले पहिले चार आकडे वर्ष, पुढचे दोन महिना, त्यापुढचे दोन दिवस. एआयला काहीही विचारा, पण त्याच्याकडून जीआरची तारीख आणि संकेतांक मागा आणि तो आकडा स्वतः संकेतस्थळावर टाकून बघा. जीआर उघडला तर वाचा. उघडला नाही तर ते उत्तर सभेत आणू नका. आणि प्रश्न विचारताना आकडा आपण सांगायचा नाही.

तेवढ्यात शेवटच्या रांगेतल्या एका काकूंनी हात वर केला. या सोसायटीच्या कितीतरी सभांत मी त्यांना पाहिलंय, पण बोलताना कधी ऐकलं नव्हतं. हातातल्या वहीत त्यांनी प्रश्न उतरवून आणले होते. "मी मोबाइलला बोलून विचारलं, बिल्डरने काम अर्धवट सोडलं तर काय करायचं. तो म्हणाला बँक गॅरंटी मागा. प्रकल्पखर्चाच्या वीस टक्के. हे त्या जीआरमध्ये आहे का? आणि आपल्या टेंडरमध्ये का नाही?"

जीआरमध्ये होतं. टेंडरच्या मसुद्यात नव्हतं. कमिटीतल्या कुणालाही ते सुचलं नव्हतं. चारचौघांत विचारायला संकोचणाऱ्या बाईने घरी बसून, आपल्या भाषेत, न लाजता विचारलं, आणि वर मूळ कागदात आहे का हेही विचारलं. याचा मला त्या दिवशी मनापासून आनंद झाला.

सरांनी लॅपटॉप आपल्याकडे ओढला, बँक गॅरंटीचा मुद्दा शोधला आणि काकूंच्या शेजारी बसून तो त्यांना वाचून दाखवला. टक्केवारीचा वाद तिथेच मागे पडला आणि सभा बराच वेळ टेंडरच्या अटींवर चालली. ठराव त्या दिवशी मताला टाकलाच नाही. आधी मसुदा दुरुस्त करायचा, मग पुन्हा सभा, असं ठरलं. पुढच्या सभेच्या नोटिशीला जीआरची पूर्ण प्रत संकेतांकासकट जोडावी, ही सूचना सरांनी मांडली आणि तिला अनुमोदन त्या तरुणाने दिलं.