मु. पो. वाई

पुण्यात नुसतं ‘गाडी’ म्हटलं की ती दोन चाकांचीच. अशा चार गाड्या टिळक रस्त्यावरच्या एका अमृततुल्यासमोर आडव्यातिडव्या लावून, गणपती उठल्यावर आम्ही दरवर्षी एकच वाद घालतो. फिरायचं कुठे, हा वाद नसतोच. सह्याद्रीचे घाट, ते ठरलेलं. वाद असतो मुक्काम कुठल्या गावी टाकायचा यावर.

पूर्वी रोज नव्या गावात पथारी पसरायचो. आता पन्नाशीत विंचवाचं बिऱ्हाड पाठीला सोसत नाही. सकाळी सॅक मागच्या सीटवर ठेवून सायकलच्या ट्यूबने आवळायची, चार गाठी मारायच्या, गाडीवर बसायचं आणि पहिल्या सरीला आठवायचं की रेनकोट सॅकच्या तळाशी आहे. हे एखाद्या दिवशी ठीक असतं, सलग तीन दिवस नाही. तेव्हा एकच गाव धरायचं, सामान खोलीत टाकायचं आणि रिकाम्या गाडीने हुंदडून रात्री परत यायचं.

‘मग पुण्यातूनच करू की, खोलीचे पैसे वाचतील,’ असं एक जण दरवर्षी म्हणतो. त्याला दरवर्षी चांदणी चौकाची आणि कात्रजची आठवण करून द्यावी लागते. जाता-येता दोन तास हाफ क्लचवर घालवायचे असतील तर त्याला सहल का म्हणायचं? ते ऑफिसच झालं.

महाबळेश्वर आम्ही करून बसलोय. तिथे वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो हे शाळेत वाचलं होतं. त्यातला बराचसा एका जुलैत आमच्या बुटांत पडला. तीन दिवस धुक्यापलीकडे काही दिसलं नाही. खोलीत दोरीवर मोजे, बुटांत वर्तमानपत्राचे बोळे आणि सकाळी ते बोळे काढताना बातम्यांसकट हाताला लागणारा लगदा. तेव्हाच कळलं की घाटमाथा बघायला जावं, राहायला नाही.

आमच्यातला सगळ्यात ज्येष्ठ, ज्याला आम्ही सगळे आबा म्हणतो, त्याने वाई सुचवली. मी मनातल्या मनात नाक मुरडलं. वाई म्हणजे पाचगणीला जाताना लागणारं गाव! पण आबाने बिलाच्या पाठीवर नकाशा काढला. वाईहून पसरणीचा घाट चढला की पाचगणी, महाबळेश्वर. तिथून केळघरच्या घाटाने मेढा, सातारा आणि परत. हा झाला एक दिवस. दुसऱ्या दिवशी सातारा गाठून कासचं पठार, खाली बामणोली, शिवसागराचं पाणी. तिसरा दिवस खरा कसाचा: महाबळेश्वरहून आंबेनळीने पोलादपूर, महाड, मग वरंध्याने वर भोर आणि मांढरदेवीवरून खाली वाईत. दोनशेच्या आसपास किलोमीटर, चार घाट चढउतार करून आणि एकही रस्ता दोनदा नाही. (वरंधा पावसाळ्यात बरेचदा बंद ठेवतात, त्यामुळे आधी भोरला विचारून घ्यायचं.)

‘मग महाडच का नको? तेही याच गोलावर आहे,’ मी म्हणालो.

‘सकाळी तोंड कुठे करशील?’

मला कळेना. आबाने चहाची बशी सूर्य म्हणून मध्ये ठेवली. महाडला राहिलास तर घाट पूर्वेला. सकाळी चढताना ऊन थेट डोळ्यांत, संध्याकाळी उतरताना पुन्हा डोळ्यांत. व्हायझरवर किडे चिकटलेले असले की मग समोरचा ट्रक आहे की झाड तेही कळत नाही. वाईला राहिलास तर घाट पश्चिमेला. जाताना ऊन पाठीवर, येताना पाठीवर. चाळीस वर्षं गाडी चालवून हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी गुपचूप बिल भरलं.

आबाच्या हिशेबात एक खोट होती, ती तिसऱ्या दिवशी कळली. भोरला चहाला बसलो ते बसलोच आणि मांढरदेवीचा उतार अंधारात आला. दमलेल्या मनगटाला उतार चढापेक्षा जड जातो. दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकला जपत, आधीच्या गाडीचा लाल दिवा धरून एकेक वळण घेतलं. खाली वाईचे दिवे दिसत होते आणि बराच वेळ तेवढ्याच अंतरावर राहिले.

लॉजच्या अंगणातली माती अजून ओली होती. पहिल्या रात्री माझी गाडी साइड स्टँडसकट रुतून आडवी व्हायच्या बेतात होती, तेव्हा तिथल्या काकांनी न बोलता फरशीचा एक तुकडा आणून स्टँडखाली सरकवला होता. त्या रात्री पोचलो तर चार ठिकाणी चार तुकडे मांडलेले. दर्शनी दिवा चालू. गाडी त्या तुकड्यावर टेकवली, इंजिन बंद केलं आणि सायलेन्सर टिकटिक करत निवू लागला. तीन दिवसांत पाहिलेल्या सगळ्या दऱ्यांपेक्षा मला तो फरशीचा तुकडा जास्त आठवतो.

घरी आलो. आईने विचारलं, ‘ढोल्या गणपतीला जाऊन आलास ना?’

मी हेल्मेट पुसायला घेतलं.

‘अरे, तीन दिवस वाईत होतास! त्या देवळाची मागची भिंत माशासारखी बांधलीय, कृष्णेचा पूर आला तर पाणी दुभंगून जावं म्हणून. मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा. तिथे तरी?’

‘तिथे फक्त झोपायला होतो गं.’

‘विश्वकोशाचं काम करायला माणसं वाईला जाऊन राहिली,’ आई म्हणाली, ‘आणि तुम्ही झोपायला.’

मी पाचगणीच्या स्ट्रॉबेरी जॅमची बाटली पुढे केली. तिने ती उलटी करून आधी तारीख बघितली.