खाट आणि मॅक्स-विड्थ

दुपारची जेवणं उरकली की मी लॅपटॉप घेऊन बसते आणि वेब डिझाइनच्या अभ्यासाच्या नावाखाली ब्राउझरची विंडो कडेला धरून नुसती लहान-मोठी करत राहते. पेजवर शेजारी शेजारी तीन चौकटी असतात, विंडो आवळत आणली की एका क्षणी तिसरी टुपकन खाली उतरते, तिथे एकटीच ऐसपैस पसरते, अजून आवळली की तिघी एकाखाली एक. पेजची मांडणी ठरवणाऱ्या सीएसएस भाषेत फ्लेक्स, जागा संपली की खाली उतरवणारं फ्लेक्स-रॅप आणि उरलेली जागा व्यापायला लावणारं फ्लेक्स-ग्रो, एवढंच लिहिलंय. पुढचा धडा कधीचा उघडून ठेवलाय, तो तसाच.

स्क्रीन लहान-मोठी होईल तशी पेजची मांडणी बदलायची या पद्धतीला रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन हे नाव ईथन मार्कॉट या वेब डिझायनरने २०१० मध्ये दिलं. मला मात्र हे सगळं आईचंच वाटतं. वाशीला आमचं सिडकोचं वन रूम किचन, मे महिन्यात चिपळूणहून मामा-मावशी पोरांसकट यायचे आणि रात्री आई दारात उभी राहून फर्मानं सोडायची, टेबल बाल्कनीत काढा, मामा दाराशी, पोरं सगळी आडवी, मावशी स्वयंपाकघरात आणि पाय ओट्याखाली. सगळे मावायचे. फक्त आजोबांची लोखंडी खाट जागची हलायची नाही, तिला मीडिया क्वेरी, म्हणजे स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे मांडणी बदलायचा नियम, लागूच नव्हती. अंधारात कुणीतरी तिच्या पायाला ठेचकाळायचंच.

पेजवर बाराशे पिक्सेलचा फोटो तसाच टाकला की फोनवर हेच होतं, एका फोटोपायी अख्खं पेज आडवं सरकायला लागतं. त्यावर मॅक्स-विड्थ शंभर टक्के, म्हणजे आपल्या चौकटीपेक्षा रुंद व्हायचं नाही, हा उपाय आहे, पण आजोबांना ते सांगणार कोण?

आणि हे मोबाइल-फर्स्ट म्हणजे आधी छोट्या स्क्रीनचं लिहा, मग मिन-विड्थ, म्हणजे अमुक रुंदीपासून पुढे ही अट, टाकून मोठ्या स्क्रीनसाठी वाढवत न्या, हे आम्हाला काय नवीन सांगता. आमची अडचण उलटी होती. पुढे घोडबंदर रोडला टू बीएचके घेतला तरी सगळे झोपायचे हॉलमध्येच, एका पंख्याखाली, आणि बेडरूममध्ये तांदळाचे डबे आणि इस्त्रीचे कपडे. मोठ्या स्क्रीनवर मजकूर या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरला की तसंच होतं, ओळ संपून डोळा परत येईपर्यंत पुढची कुठली तेच कळत नाही. मग तिथेही मॅक्स-विड्थ देऊन त्याला आवरून मध्यभागी बसवायचं.

ब्रेकपॉइंट, म्हणजे मांडणी जिथे बदलते ती रुंदी, ७६८ पिक्सेलला घ्या असं बरेच जण सांगतात, तो आयपॅडच्या रुंदीवरून रूढ झालेला आकडा. मला नाही पटत. मी विंडो ओढत आणते आणि जिथे मांडणी बेढब दिसायला लागते तिथे थांबते, माझा आकडा येतो ६११ वगैरे काहीतरी, आणि तो मी तस्साच ठेवते.

ग्रिड, म्हणजे उभ्या-आडव्या रकान्यांत मांडणी करायची सीएसएसची सोय, राहिलंय अजून. ते २०१७ सालीच सगळ्या मोठ्या ब्राउझरांत आलं म्हणे, म्हणजे आता घाई करून तरी काय उपयोग.