खेळाचा तास आणि टाइप १ मधुमेह

आज संध्याकाळी भाचीचा खो-खोचा सराव पाहायला गेले होते. तिला टाइप १ मधुमेह आहे, म्हणजे रक्तातली साखर आटोक्यात ठेवणारे इन्सुलिन शरीरात जवळजवळ तयारच होत नाही आणि ते रोज बाहेरून द्यावे लागते; एवढ्यावरून आधीच्या शाळेत तिला खेळाच्या तासाला कायम बाकावर बसवले जाई, याचा मला आजही राग येतो. इथल्या बाईंनी मात्र तिच्या आईकडून सगळे नीट समजून घेतले आहे. मैदानात उतरण्यापूर्वी भाचीने बोट टोचून साखर तपासली, ती ८४, म्हणजे खेळायला उतरण्यासाठी जरा कमी निघाली, तेव्हा बाईंनी तिला राजगिऱ्याचा लाडू खायला लावला, काही वेळाने पुन्हा तपासायला सांगितले आणि मगच खेळायला सोडले. शिट्टीसोबत ग्लुकोजची पुडी बाईंच्या खिशात होतीच.

व्यायामाने साखर उतरते, कधी कधी तर रात्री झोपेतही, आणि पालकांची भीती अगदी रास्त आहे. पण त्यावरचा उपाय तपासणी, खाणे आणि इन्सुलिन यांचा डॉक्टरांच्या सल्ल्याने घातलेला मेळ हा आहे. १९९७ मध्ये मधुमेहाचे निदान झाल्यावरही वसीम अक्रम २००३ पर्यंत आंतरराष्ट्रीय क्रिकेट खेळत होते. भाचीच्या आईने शाळेसाठी केलेला एका पानाचा तक्ता कोणाला हवा असल्यास जरूर कळवावे.