ब्लॉबविना क्लोन: ब्लेमच्या फेऱ्यांचा हिशेब लागला

मागच्या नोंदीत गिट या कोडचा इतिहास सांभाळणाऱ्या प्रणालीच्या ज्या ब्लेमपाशी, म्हणजे फाइलची कोणती ओळ कोणी व कधी बदलली हे दाखवणाऱ्या आज्ञेपाशी, घोडे अडले होते, तो आता मंद जोडणीवरही वापरता येईल इतका सुधारला आहे. चाचणीची मांडणी तीच आहे: टीसी नेटएम या मंद नेटवर्कची नक्कल करणाऱ्या लिनक्सच्या साधनाने वेग सेकंदाला १२८ किलोबिटवर आणि एका फेरीचा (सर्व्हरपर्यंत जाऊन परत येण्याचा) विलंब ६०० मिलिसेकंदांवर बांधलेला, गिटच्या प्रोटोकॉलची आवृत्ती दुसरी. ब्लॉब-नन फिल्टरचा क्लोन, म्हणजे फाइलींचा मजकूर (ब्लॉब) मागे ठेवून घेतलेली भांडाराची प्रत, अशा जोडणीवर निमूटपणे पूर्ण होते, आणि चेकआउटला (चालू आवृत्ती फोल्डरमध्ये मांडायला) लागणारे ब्लॉबही गिट एकगठ्ठा मागवते. ब्लेम मात्र फाइलची एकेक जुनी आवृत्ती लागेल तशी, स्वतंत्र फेच (सर्व्हरकडे मागणी) चालवून आणतो.

एचटीटीपीएसवर अशा प्रत्येक फेचमागे टीसीपी जोडणीची एक, टीएलएस १.३ च्या कूटबद्धीकरणाची एक, सर्व्हरच्या क्षमता विचारण्याची एक आणि प्रत्यक्ष मागणीची एक अशा किमान चार फेऱ्या, म्हणजे २.४ सेकंद जातात. फाइलच्या ४०० आवृत्त्या असतील, तर नुसत्या वाट पाहण्यातच १६ मिनिटे संपतात. वेग दुप्पट केला तरी त्यांतले एक मिनिटही वाचत नाही. एचटीटीपीएसऐवजी एसएसएच घेऊन त्याचा कंट्रोलमास्टर (एकच जोडणी पुन्हा वापरण्याची सोय) चालू केल्यावर जोडणी आणि किल्ल्यांची देवाणघेवाण एकदाच होऊ लागली, त्यामुळे फरक जाणवला, पण दर ब्लॉबमागच्या उरलेल्या फेऱ्या काही टळल्या नाहीत.

खरी सुटका इतिहासाची यादी काढणाऱ्या रेव्ह-लिस्ट या आज्ञेने केली. त्या फाइलच्या मार्गापुरती ऑब्जेक्ट्सची यादी मिसिंग-प्रिंट पर्यायासह काढली की स्थानिक भांडारात नसलेल्या ब्लॉबांपुढे प्रश्नचिन्ह येते. तेवढेच हॅश (ब्लॉबांच्या ओळखखुणा) फेचला स्टँडर्ड इनपुटमधून दिले, आणि सगळा इतिहास एका पॅकमध्ये (गठ्ठ्यात) आला. सुटा ब्लॉब मागितला की तो पूर्णच येतो, तर एकत्र मागितलेल्या आवृत्त्या एकमेकींच्या डेल्टा (फक्त फरक) म्हणून येऊ शकतात, त्यामुळे फेऱ्यांबरोबर बाइटही घटले. यानंतरच्या ब्लेमने नेटवर्कला हातही लावला नाही, आणि गिटच्या ट्रेसमधली (कामाच्या नोंदींमधली) ती शांतता मी समाधानाने पुन्हा पुन्हा पाहिली. (ट्री, म्हणजे फोल्डरांच्या याद्याही मागे ठेवणारा ट्री-झीरो फिल्टर मी या कामासाठी सुचवणार नाही, कारण मग ही यादी काढण्यासाठीच ट्री आणावे लागतात.)

पुढचा टप्पा गिटच्या २.४९ आवृत्तीत आलेल्या बॅकफिलचा (मागे राहिलेले ब्लॉब मागाहून भरणाऱ्या आज्ञेचा) ठरवला होता, परंतु त्या आवृत्तीत ती आज्ञा एका फाइलसाठी नसून सगळ्या इतिहासावर, किंवा स्पार्स चेकआउट (निवडक फोल्डरांपुरते चेकआउट) चालू असल्यास त्याच्या व्याप्तीवर चालते, आणि हे लिहितानाच दुसरी युक्ती सुचली. फेच मध्येच तुटले की अर्धवट पॅक टाकून दिला जातो, हे आपले जुनेच दुखणे. पण यादीचे पन्नास-पन्नास हॅशचे तुकडे केले तर तुटल्यावर फक्त चालू तुकडाच वाया जाईल, आणि रेव्ह-लिस्ट पुन्हा चालवल्यावर ती आज्ञा उरलेलेच ब्लॉब दाखवील. तुकड्यांच्या सीमांवर थोडे डेल्टा गमवावे लागतील, म्हणून तुकड्याचा आकार किती ठेवावा, हे नेटएममध्ये पॅकेट गळती वाढवत नेऊन आधी मोजणार आहे. बॅकफिलची पाळी त्यानंतर.