३४० पौंडांचा डायरेक्ट डेबिट आणि मीटरवरचा छोटा ३

मार्च २०२५ च्या सुरुवातीला आमच्या गॅस-वीज कंपनीचा मेल आला. पुढच्या महिन्यापासून डायरेक्ट डेबिट १४५ ऐवजी ३४० पौंड होणार होता. शिवाय खात्यावर १,०५० पौंड थकबाकी दाखवत होते. आम्ही इंग्लंडमधल्या रेडिंग शहरात राहतो, टेरेस्ड (ओळीतलं, भिंतीला भिंत लागून असलेलं) घर आहे, फार मोठं नाही. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये या घरात आलो, तेव्हापासून दर महिन्याला मीटरचं रीडिंग मी स्वतः वेबसाइटवर भरत होते, कारण घरात स्मार्ट मीटर नाही. म्हणजे ‘अंदाजे बिल’ हा प्रकारही नव्हता. तरी रक्कम दुपटीच्या वर.

महाराष्ट्रातून इथे नुकतेच आलेल्यांसाठी थोडं सांगते. महावितरणचं बिल येतं ते झालेल्या वापराचं, आणि गॅस म्हणजे आपल्याकडे बहुतेकांना सिलिंडर. इथे ब्रिटनमध्ये बहुतेक जण महिन्याला ठरावीक रक्कम बँकेतून परस्पर कापू देतात, तोच डायरेक्ट डेबिट. कंपनी तुमच्या वर्षभराच्या वापराचा अंदाज बांधते, त्याला बाराने भागते, आणि मागची बाकी असेल तर तीही त्यात घालते. उन्हाळ्यात खात्यावर पैसे साठतात आणि हिवाळ्यात हीटिंग सुरू झालं की ते संपतात. ऑफजेम ही इथली नियामक संस्था ‘प्राइस कॅप’ लावते, पण ती युनिटच्या दराला आणि रोजच्या स्टँडिंग चार्जला (स्थिर आकाराला) असते. एकूण बिलाला कसलीही मर्यादा नाही. म्हणून कॅप असताना बिल इतकं कसं, हा प्रश्न कंपनीला विचारून उपयोग नसतो. वापराचा आकडाच चुकला असेल तर कॅप तुम्हाला वाचवत नाही.

सगळ्यात वाईट झालं ते घरात. डिसेंबरपासून नाशिकहून सासू-सासरे आले होते. बाबांना थंडी सोसत नाही, म्हणून थर्मोस्टॅट आम्ही जरा वर ठेवला होता. मेलबद्दल आम्ही दोघं बोललो ते त्यांच्या कानावर गेलं, आणि दुसऱ्या दिवसापासून ते हीटिंग बंद करून शाल-कानटोपीत बसायला लागले. ‘आमच्यामुळे तुमचा खर्च वाढला,’ एवढंच म्हणाले. बहात्तर वर्षांचा माणूस एका चुकीच्या आकड्यासाठी थंडीत कुडकुडत बसतो, याचा मला आजही राग येतो. कंपनीच्या दृष्टीने तो फक्त सिस्टिमने काढलेला आकडा होता.

मी आधी फोन केला. पलीकडची मुलगी अगदी गोड बोलत होती, पण तिच्याकडे एकच उत्तर होतं: तुमच्या वापरावरून सिस्टिमने ही रक्कम काढली आहे. मग म्हणाली, जड जात असेल तर सध्या २९० करून देते. मी नाही म्हटलं. पन्नास पौंड कमी करून घेतले असते तर मूळचा हिशेब तसाच राहिला असता आणि बाकी आणखी फुगत गेली असती. मी तिच्याकडे तीन गोष्टी मागितल्या: वर्षभराचा वापर किती धरला आहे, गॅस आणि वीज वेगवेगळे सांगा, आणि बाकी किती महिन्यांत वसूल करताय. उत्तर आलं: वीज २,७०० युनिट, गॅस ३१,००० च्या वर, बाकी बारा महिन्यांत.

तिथेच मी थबकले. विजेचा आकडा अगदी सर्वसाधारण होता. ऑफजेम तेव्हा मध्यम वापराचं घर म्हणून वर्षाला २,७०० युनिट वीज आणि ११,५०० युनिट गॅस धरत असे. मग आमचा गॅसच पावणेतीन पट कसा? थर्मोस्टॅट दोन अंशांनी वर ठेवल्याने असं होत नाही.

रात्री जेवणं झाल्यावर बिल काढून बसले. गॅसच्या बिलात एक बारीक अक्षरातली ओळ असते, ती सहसा कोणी वाचत नाही. गॅसचा मीटर गॅसचं आकारमान मोजतो आणि पैसे मात्र किलोवॉट-अवरवर, म्हणजे युनिटवर, लागतात. म्हणून मीटरवरच्या वापराला आधी १.०२२६४ ने गुणतात, मग त्या काळातल्या गॅसच्या उष्मांकाने, जो साधारण ३९ च्या आसपास असतो, आणि शेवटी ३.६ ने भागतात. पण मीटर जुना, घनफुटात मोजणारा असेल, तर या सगळ्याच्या आधी आणखी एक गुणाकार येतो: २.८३. कारण जुना मीटर शंभर-शंभर घनफूट मोजतो, आणि शंभर घनफूट म्हणजे २.८३ घनमीटर. आमच्या बिलावर तो गुणाकार होता. मीटरच्या नावापुढे ‘इम्पीरियल’ असं लिहिलेलं होतं.

टॉर्च घेऊन दाराबाहेरची मीटरची पेटी उघडली. डायलवर एम, आणि त्याच्या डोक्यावर छोटा ३. घनमीटर. घनफुटाच्या मीटरवर ‘एफटी’ असतं आणि दशांशाच्या आधी बहुधा चारच आकडे, आमच्या मीटरवर पाच होते.

मग हिशेब सरळ होता. सप्टेंबरपासून मीटर ७०० ने पुढे गेला होता. ते घनमीटर धरले तर साधारण ७,८५० युनिट होतात, कंपनीने धरले २२,००० च्या वर. दर युनिटला सव्वासहा-साडेसहा पेन्स. म्हणजे न जाळलेल्या गॅसचे नऊशे पौंड आमच्या नावावर लागले होते. वर्षाचा अंदाजही त्याच चुकीच्या वापरावरून काढलेला, त्यामुळे पुढची रक्कमही फुगलेली, आणि खोटी बाकीही तिच्यात मिसळलेली.

ओळखीच्या दोघांनी सल्ला दिला की बँकेत जाऊन डायरेक्ट डेबिटच रद्द करून टाक. मला तो पटला नाही. रद्द करण्याचा हक्क आपल्याला आहे हे खरं, पण बाकी तशीच राहते आणि कंपनी ती वसुलीला लावू शकते. शिवाय डायरेक्ट डेबिटवाल्यांना दर जरा कमी पडतो, तोही जातो. ‘डायरेक्ट डेबिट गॅरंटी’ मुळे बँक पैसे परत देते, पण ते रक्कम चुकून किंवा न कळवता कापली गेली तर. कंपनीने रक्कम बदलण्याआधी, सहसा दहा कामकाजाचे दिवस, कळवायचं असतं, आणि तेवढं तिने कळवलं होतं. भांडण बिलाचं होतं, बँकेचं नव्हतं.

म्हणून लेखी तक्रार केली. फोनवर बोलणं आणि ‘तक्रार’ म्हणून नोंद होणं या इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यामुळे मेलच्या विषयातच ‘औपचारिक तक्रार’ असं लिहिलं आणि तक्रार क्रमांक मागितला. मजकूर लांबवला नाही. मीटरचा प्रकार चुकीचा नोंदला आहे, सोबत मीटरचा फोटो, त्यात अनुक्रमांक, घनमीटरचं चिन्ह आणि रीडिंग एकत्र दिसतंय, बिलातला २.८३ चा गुणाकार काढल्यावर येणारा हिशेब हा. घरात आल्यापासूनची सगळी बिलं नव्याने करा. आणि निकाल लागेपर्यंत मी १४५ पौंड भरत राहीन, तोवर रक्कम वाढवू नका. शेवटी पुरवठादाराच्या परवान्यातली २७ क्रमांकाची अट लिहिली. तिच्यानुसार ठरावीक डायरेक्ट डेबिट हा उपलब्ध असलेल्या सगळ्यात चांगल्या आणि ताज्या माहितीवर आधारलेला असावा लागतो. ताजी माहिती दर महिन्याला मीच देत होते.

ही अट नुसती कागदावरची नाही. २०२२ मध्ये दर भडकले तेव्हा ऑफजेमने कंपन्यांचे डायरेक्ट डेबिट तपासले होते, आणि पाच लाखांहून जास्त ग्राहकांची रक्कम दुपटीहून अधिक वाढल्याचं त्यात निघालं होतं. त्या सगळ्या वाढी चुकीच्या नव्हत्या, पण हिशेब मागण्याचा हक्क ग्राहकाला आहे हे तेव्हापासून ठसठशीत झालं.

तक्रारीच्या तारखेपासून आठ आठवडे मोजायचे. तोवर निकाल लागला नाही, किंवा कंपनीने आधीच ‘आमचं हेच अंतिम म्हणणं’ असं पत्र दिलं (त्याला इथे डेडलॉक लेटर म्हणतात), तर एनर्जी ऑम्बुड्समनकडे, म्हणजे गॅस-विजेच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे, जाता येतं. त्याला पैसे पडत नाहीत, आणि त्यांचा निर्णय आपण मान्य केला तर कंपनीला तो पाळावाच लागतो. मी सगळे कागद त्याच तयारीने लावून ठेवले होते.

तिथवर जावं लागलं नाही. पहिलं उत्तर छापील होतं: ‘घरातली उपकरणं तपासून पाहा.’ मी तोच मेल, तोच फोटो परत पाठवला आणि एकच प्रश्न विचारला: या फोटोतला मीटर मेट्रिक आहे की इम्पीरियल? यानंतर प्रकरण तक्रार विभागातल्या एका बाईंकडे गेलं. त्यांनी फोटोतला अनुक्रमांक नोंदीशी ताडून पाहिला आणि स्वतः फोन केला. आधीच्या मालकांच्या काळात मीटर बदलला होता, नवा अनुक्रमांक चढवला गेला, पण ‘इम्पीरियल’ हा शब्द तसाच राहिला. त्यांनी माफी मागितली, आणि ती मनापासून वाटली.

एप्रिल संपण्याआधी सगळी बिलं नव्याने आली. बाकी १,०५० वरून १४५ पौंडांच्या आसपास उतरली. ती खरी बाकी होती: आम्ही ऐन थंडीच्या तोंडावर खातं उघडलं, उन्हाळ्यात साठवायला वेळच मिळाला नव्हता. नवा डायरेक्ट डेबिट ठरला १५५ पौंड. दहा पौंडांची ती वाढ मी बिनतक्रार मान्य केली, कारण या वेळी वापराचा अंदाज, दर आणि बाकी, तिन्ही मेलमध्ये लिहून आले होते. आणखी एक गोष्ट लेखी मागून घेतली: गॅस मीटरची मध्यवर्ती नोंदही दुरुस्त झाल्याची. ती तशीच राहिली असती तर उद्या कंपनी बदलली तरी नव्या कंपनीकडे हीच चूक गेली असती.

बाबांना मी दोन्ही बिलं शेजारी ठेवून दाखवली. ते पोस्टात होते, आकडे त्यांना माझ्यापेक्षा लवकर कळतात. थर्मोस्टॅट त्यांनी स्वतः उठून वर केला.

महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमात ही हकिगत सांगितली, तर मंडळातल्या दोघी-तिघींनी घरी जाऊन मीटर पाहिले. एकीचं नेमकं उलटं निघालं. मीटर खरोखरच घनफुटाचा आणि बिल मात्र घनमीटरचं, म्हणजे इतकी वर्षं ती जवळजवळ एक-तृतीयांश गॅसचेच पैसे भरत होती. कळवावं की नाही यावर त्यांच्या घरात बराच खल झाला. इथे बॅक-बिलिंगचा नियम आहे, चूक कंपनीची असेल तर बारा महिन्यांपूर्वीच्या वापराचे पैसे ती मागू शकत नाही. तरी एका वर्षाचा फरक भरणं आलंच. तिने कंपनीला मीटरचा फोटो पाठवला, आणि ती रक्कम हप्त्यांत फेडायचं लेखी ठरवून घेतलं.